गुंडीचं अर्धं तिकीट

खानापूरहून बेळगावला जाताना माझं तिकीट शून्य रुपयांचं असतं आणि गुंडीचं पैसे मोजून घेतलेलं. शक्ती योजना 11 जून 2023 ला सुरू झाली, तेव्हापासून कर्नाटकात आम्हा बायकांना साध्या सरकारी बसने फुकट जाता येतं. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट हातात देतो. गुंडीसाठी मात्र मी पर्स उघडते, आणि ते पैसे देताना मला फार बरं वाटतं. का, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

गुंडी माझी कुत्री. अस्सल गावठी. तांबूस रंग, शेपटीचं टोक पांढरं, एक कान उभा आणि दुसरा अर्ध्यात दुमडलेला. वजन चौदा किलोच्या आसपास. माझं खानापुरात ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. अस्तर, दोरे, हुक, कॅनव्हास, लटकन आणायला बेळगाव गाठावंच लागतं आणि सकाळी गेलं की दिवस तिकडेच मोडतो. ही घरी एकटी राहिली की दाराला नाक लावून दिवसभर रडते. शेजारच्या आजींना दुपारची झोप मिळत नाही. साखळीने बांधून ठेवणं माझ्या मनाला पटत नाही. मग ठरवलं, घेऊनच जायचं. आणि न्यायचंच तर नुसता बाजार करून परत फिरायचं नाही, तिलाही बेळगाव दाखवायचं.

वन्सं म्हणाल्या, "कुत्र्याला काय बसमधनं नेतंय कोण? वडापची जीप कर नाहीतर कुणाची तरी गाडी बघ." मला हे खटकलं. आमच्या तालुक्यात बसमधून काय जात नाही? जांबोटी-कणकुंबीकडून येणाऱ्या गाडीत पायाशी फणस असतात, रताळ्याची पोती असतात, पाय बांधलेल्या कोंबड्या असतात. पावसाळ्याच्या तोंडावर एखादं शेळीचं करडू बाईच्या मांडीवर बसून येतं, आणि त्याला कुणी उतर म्हणत नाही. बस ही आमच्याकडे आधीपासून माणसांची आणि जनावरांची मिळून आहे. कुत्र्याला नेणं ही शहरातून आलेली काहीतरी नवी हौस आहे, असं समजायचं कारण नाही.

माझा धीर वाढवला तो मात्र पक्ष्यांनी. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूहून म्हैसूरला जाणाऱ्या सरकारी बसमध्ये एक आजी आणि तिची नात पिंजऱ्यात चार पक्षी घेऊन चढल्या. दोघींना शक्तीचं शून्य तिकीट आणि चार पक्ष्यांना प्रत्येकी 111 प्रमाणे 444 रुपये. त्या तिकिटाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला आणि लोक पोट धरून हसले. मी तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला. मला त्यात एवढंच दिसलं की पैसे घेतले, तिकीट दिलं, म्हणजे त्या पक्ष्यांचा प्रवास सरकारने मान्य केला. तिकीट हातात असलं की मग ते कुणाच्या मेहेरबानीने बसलेलं जनावर नसतं.

रेल्वेचाही विचार केला होता. खानापूरला स्टेशन आहे, मधे देसूर, पुढे बेळगाव, रस्त्यापेक्षा धक्के कमी. पण रेल्वेचा नियम वेगळा आहे. कुत्र्याला आपल्यासोबत डब्यात ठेवायचं तर फर्स्ट क्लासची अख्खी कूपे किंवा केबिन, म्हणजे डब्यातली बंद खोली, आपल्या नावावर हवी. नाहीतर पार्सल ऑफिसात बुकिंग करून गार्डच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत ठेवायचं. स्लीपर, थ्री टायर, टू टायर, जनरल, कुठेच सोबत चालत नाही. लांबच्या बदलीच्या प्रवासाला ती सोय उपयोगाची असेल. तासाभराच्या वाटेसाठी गुंडीला एका पेटीत आणि मी चार डबे सोडून दुसरीकडे, हे मला नको होतं.

निघायच्या आधीचं खरं काम मशीनवर झालं. गळ्यातला पट्टा बसमध्ये कामाचा नाही. ब्रेक लागला की कुत्रं पुढे जातं आणि सगळा हिसका नरड्यावर येतो. छातीपट्टा हवा. बाजारात मिळतात ते एकतर परदेशी जातींच्या रुंद छातीच्या मापाचे, नाहीतर पिल्लांचे. गावठी कुत्र्याची छाती खोल असते, कंबर आत गेलेली असते, त्यामुळे तयार पट्टा एकतर काखेत रुततो नाहीतर मागून निसटतो. मी दप्तराला लावतात ती जाड नायलॉनची पट्टी घेतली, आतल्या बाजूला जुन्या दुपट्याचं फ्लॅनेल लावलं. सोळा नंबरची सुई, नायलॉनचा दोरा. जोड आला तिथे आधी चौकोन शिवायचा आणि मग त्या चौकोनात आडवीतिडवी फुली मारायची. दप्तराचे बंद नीट बघितलेत तर हीच शिलाई दिसेल. ओझं चार बाजूंना वाटलं जातं, एका टाक्यावर येत नाही. पट्टीची कापलेली टोकं उदबत्तीने भाजून घेतली म्हणजे धागे सुटत नाहीत. कडी पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध.

मुसकंही शिवणार होते, पण नाही शिवलं. कापडी मुसकं तोंड आवळून धरतं आणि कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत. आपल्याला घाम येतो, कुत्रं जीभ बाहेर काढूनच थंड होतं. म्हणून जाळीचं विकत आणलं, आत तोंड उघडता येईल असं. आठवडाभर रोज ते हातात धरून आत भाकरीचा तुकडा ठेवायचे. मग ती आपणहून नाक आत घालायला लागली. तिला चावायची खोड नाही, पण बसमधल्या माणसाला ते कसं कळणार? त्याच्या भीतीचाही मान राखायला हवा.

गुरांच्या दवाखान्यातून रेबीजची लस वेळेवर टोचलेली आहेच. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये. बाकी पिशवीत पाण्याची बाटली, एक स्टीलची वाटी, जुने पेपर, कॅरीबॅगा आणि तरटाचा एक तुकडा. तरटाचं पुढे सांगते.

सकाळी सातच्या आधीची गाडी धरली. आठनंतर कॉलेजची पोरं सुरू होतात आणि मग माणसालाच पाय ठेवायला जागा नसते. गुंडीला आदल्या रात्रीनंतर खायला दिलं नव्हतं, फक्त थोडं पाणी. भरल्या पोटी बसमध्ये बसवलं की ओकणार हे ठरलेलं. जागा निवडताना मी चाकावरची सीट टाळते, तिथे खालचा पत्रा वर आलेला असतो आणि पायाशी कुत्रं मावत नाही. अगदी मागचीही नको, खड्डा आला की उडवते. मधली, खिडकीची. मी वाटेच्या बाजूला आणि गुंडी खिडकीखाली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय तिच्या शेपटीवर पडत नाही. बसची जमीन गुळगुळीत असते, वळणावर तिचे पाय घसरतात, नखं रोवता येत नाहीत आणि तिथूनच तिची घाबरगुंडी सुरू होते. त्यासाठी तरट. खाली अंथरलं की ती चार पाय घट्ट रोवून बसते.

कंडक्टर आला. तरुण पोरगा, बोलणं कानडी. मी आधार कार्ड पुढे केलं आणि लगेच म्हटलं, "नायिगू ओंद तिकीट कोड्री." म्हणजे कुत्र्यालाही एक तिकीट द्या.

त्याने वाकून सीटखाली बघितलं. गुंडीने वर बघितलं.

"चावतंय काय वो?" हे त्याने मराठीत विचारलं.

"नाही अण्णा. मुसकं घातलंय, इंजेक्शनचा कागद पण आहे."

कागद बघितला नाही त्याने. मशीनवर बोटं चालवली आणि अर्धं तिकीट काढून दिलं. "कुणी आपणहून मागत नाहीत अक्का," म्हणाला, "पिशवीत घालून लपवून नेतात, मग मागनं भांडण."

पुढच्या सीटवर धोतरवाले एक आजोबा होते, सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालेले, बेळगावात गाडी बदलणार होते. ते वळून म्हणाले, "देवाला निघालोय बाई, शिवू देऊ नको." मी म्हटलं, "नाही शिवायची आजोबा, खिडकीकडेला बांधलीय." पलीकडची एक मावशी मधेच बोलली, "दत्ताच्या पायाशी चार-चार बसलेली असतात की वो! त्यास्नी कोण हाकलतंय?" आजोबा काही बोलले नाहीत, पण उपरण्याची गाठ सोडून परत बांधली आणि पिशवी मांडीवर घेतली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं सोवळं त्यांच्यापाशी, आमचं तिकीट आमच्यापाशी, आणि गाडी गणेबैल ओलांडून पुढे चालली होती.

गुंडी प्रभूनगरपर्यंत थरथरत होती. मी काही बोलले नाही, नुसता तिच्या छातीवर तळवा ठेवला. थोपटलं तर ती आणखी घाबरते, स्थिर हात ठेवला की हळूहळू सैल पडते. झाडशहापूरच्या आसपास तिने हनुवटी माझ्या चपलेवर टेकवली. मच्छे, पिरनवाडीला उद्यमबागेत कामाला जाणारी माणसं चढली. हातात जेवणाचे डबे, कपड्यांना फाउंड्रीतला लोखंडाचा आणि तेलाचा वास. एकजण आमच्या सीटला धरून उभा राहिला. गुंडीने त्याच्या डब्याचा वास घेतला, मग गुडघ्याचा, मग बुटाचा, अगदी सावकाश. तो उतरताना म्हणाला, "आमच्या घरच्या कुत्र्याचा वास आला असणार तिला." आणि हसत उतरला. सबंध वाटेत तिच्याशी कुणी एवढी ओळख केली नव्हती.

बेळगावचं मोठं बसस्टँड आणि किल्ला समोरासमोर आहेत, हे कुत्रं घेऊन येणाऱ्याला फार सोयीचं. स्टँडच्या गोंगाटातून दहा मिनिटांत तळ्याच्या काठी जाता येतं. तो 110 मीटरचा झेंड्याचा खांब दिसला की दिशा चुकत नाही. थंडीतली सकाळ होती. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते अशाच सकाळी खरं वाटतं. गुंडीने आधी मनसोक्त पाणी प्यायलं, मग गवतात जाऊन मोकळी झाली. पेपर आणि कॅरीबॅग त्यासाठीच. ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकताना फिरायला आलेल्या एक बाई थांबून बघत होत्या. त्यांनी काही म्हटलं नाही, पण पुढच्या फेरीला हसून मान हलवली. आपण घाण उचलली तरच पुढच्या कुत्रेवाल्याला कुणी येऊ देणार.

किल्ल्यात कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर आहे, त्याच्या बाहेर झाडाखाली थोडा वेळ बसलो. बस्ती 1204 च्या सुमाराची, रट्ट राजांच्या काळातली. आत छताला दगडाचं कमळ आहे, पाकळी न् पाकळी कोरलेली. आत तिला नेलं नाही, आणि मीही गेले नाही. देवळात कुत्रं न्यायचा हट्ट मला मान्य नाही, आणि तिला बाहेर कुणा अनोळखी माणसाच्या हातात देणंही मान्य नाही.

नाश्त्याला इडलीच्या गाडीवर. तिला कोरडी इडली, सांबार-चटणी नाही. सांबारात कांदा असतो आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बेळगावात आलं की लोक प्रेमाने काहीतरी भरवायला बघतात. कुणी कुंदा पुढे करतं, कुणी करदंटाचा तुकडा. कुंदा नुसता साखर-दुधाचा, पोट बिघडेल. पण करदंट अजिबात नाही, कारण ती सुक्या मेव्याची मिठाई, त्यात मनुका असू शकतात, आणि द्राक्षं-मनुका कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. देणाऱ्याला वाईट वाटू न देता हात जोडून नको म्हणायचं.

खडेबाजारात गल्लीगल्लीची कुत्री आपापली हद्द सांभाळून असतात. एका तोंडाशी तिघं उठून उभी राहिली. अशा वेळी दोरी ओढायची नाही. ओढली की आपलं कुत्रं मागच्या पायांवर उभं राहतं आणि समोरच्यांना ते आव्हान वाटतं. दोरी सैल ठेवून, मधे स्वतः येऊन, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालत राहायचं. ती तिघं पुढच्या खांबापर्यंत आली आणि थांबली. तिथे त्यांची हद्द संपत असावी.

मी माल घेते त्या दुकानदाराने गुंडीला पायरीवर बसू दिलं. टू बाय टू या ब्लाऊजच्या कापडाचे तागे उलगडत होते, मी उन्हात रंग जुळवत होते आणि ती येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या हुंगत होती. एका नवरीच्या आईने तिला बघून मुलीला जवळ ओढलं. मुलीने मात्र विचारलं, "नाव काय हो हिचं?" आणि मग दोघी माय-लेकी ब्लाऊजपीस सोडून गुंडीशीच बोलत बसल्या. सकाळी बसमध्ये थरथरणारी हीच का, असं वाटावं इतकी ती तिथे रमली. म्हणूनच मी म्हणते की कुत्र्याला नुसतं दवाखान्यापुरतं बाहेर काढू नका. तेवढंच केलं तर गाडी म्हणजे सुई, असंच त्याच्या डोक्यात बसतं.

बारा वाजता ऊन तापलं. हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवून बघितली, पाच आकडे म्हणेपर्यंत ठेवता येईना, म्हणजे तिच्या तळव्यांनाही नको. रिक्षा केली, रिक्षावाल्याला आधीच सांगून, आणि टिळकवाडीत वॅक्सिन डेपोला गेलो. एवढी मोठी सावली शहरात दुसरीकडे सापडणं कठीण. एकेकाळी इथे देवीच्या रोगाची लस तयार व्हायची, नाव तेव्हापासूनचं. देवीचा रोग जगातून गेला तो लशीमुळे. त्या झाडांखाली बसून मी गुंडीच्या लशीचा कागद पुन्हा एकदा नीट घडी घालून ठेवला. रेबीज झाल्यावर जवळपास कुणी वाचत नाही, ना कुत्रं ना माणूस, आणि लस वेळेवर टोचली तर तो टाळता येतो. आपल्या खेड्यांत अजूनही कुत्रं चावलं की आधी मिरची आणि चुना लावतात. चावल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत हवं.

गुंडी तिथे दोन तास झोपली. मी डबा खाल्ला.

परतीच्या वेळी पहिल्या गाडीच्या कंडक्टरने दारातच हात आडवा केला. "आता नको अक्का, शाळेची पोरं आहेत, चेंगरतील." आत बघितलं तर खरंच दप्तरांची भिंत होती. मी मागे सरकले. त्याचं बरोबर होतं. त्या गर्दीत तिचा पाय चिरडला असता, नाहीतर एखादं पोरगं घाबरून दारातून मागे पडलं असतं. तिकीट काढलं म्हणजे कुठल्याही गाडीत घुसायचा परवाना मिळाला, असं नसतं. दुसरीही भरलेली गेली. तिसऱ्या गाडीत जागा होती. पुन्हा आधार कार्ड, पुन्हा "नायिगू ओंद". या कंडक्टरने काही न विचारता अर्धं तिकीट दिलं आणि पुढे सरकला, जशी ती रोजची पासवाली असावी. मला सगळ्या दिवसात त्याचंच वागणं सर्वांत आवडलं.

आता खानापुरात दोन-तीन घरांतून छातीपट्ट्यासाठी विचारायला येतात. मी शिवून देते, पण माप मात्र घरून आणायला सांगते, कारण दुकानात कुत्रं अंग आक्रसून उभं राहतं. तुम्हीही शिवणार असाल तर टेप पुढच्या पायांच्या मागून, छाती सर्वांत खोल असते तिथून फिरवा. दुसरं माप मानेच्या बुडाशी घ्या. तिसरं या दोन्हींच्या मधलं, छातीच्या खालून. तीनही मापांत दोन बोटं सैल धरा आणि काखेपासून पट्टी तीन बोटं मागे ठेवा. शिवून झाला की बसमध्ये न्यायच्या आधी आठ दिवस घरातच, जेवायच्या वेळी घाला.